पाय न ठरणारा

इंग्रजी भाषेत काही शब्द असे आहेत की त्यांना एका जागी बसणं ठाऊकच नाही. विगल, वॉबल, जिगल, शिव्हर, क्विव्हर, फ्लटर, टॉटर. नुसती नावं ओळीनं घेतली तरी जिभेला हलावं लागतं. या सगळ्यांच्या शेवटी 'ल' नाहीतर 'र' येतो, आणि तो उगाच आलेला नाही. क्रियापदाला हे शेपूट लागलं की ती क्रिया लहान लहान तुकड्यांत, पुन्हा पुन्हा घडते आहे असं कानाला कळतं. आपण हेच काम आवाज दुहेरी करून साधतो: थरथर, लटलट, वळवळ, चुळबुळ. त्या गोतावळ्यात मला सगळ्यात जवळचा वाटतो तो वयानं लहान असलेला एक जण. त्याचं नाव जिटर.

शिव्हर आणि क्विव्हर ही जुनी माणसं, मध्ययुगापासून नोंदली गेलेली. जिटर मात्र जेमतेम शंभरीचा. त्याचा जन्म अमेरिकेतला, १९२० च्या दशकातला. सुरुवातीला तो एकटा फिरत नसे; 'जिटर्स' असा अनेकवचनातच भेटे, जणू थरथर एक कधी नसतेच. स्कॉटलंडकडच्या बोलीत थंडीनं कुडकुडण्याला 'चिटर' म्हणतात. त्याचंच हे बदललेलं रूप असावं असा कोशकारांचा अंदाज आहे, पण छातीठोकपणे कुणी सांगत नाही. १९२९ साली ब्रॉडवेवर आलेल्या प्रेस्टन स्टर्जेसच्या 'स्ट्रिक्टली डिसऑनरेबल' या नाटकात तो लोकांसमोर उभा राहिला. नाटक घडतं न्यूयॉर्कमधल्या एका चोरट्या गुत्त्यात. अमेरिकेत तेव्हा दारूबंदी होती, १९२० ते १९३३ अशी तेरा वर्षं.

जिटर त्याच काळात आणि त्याच जागी वर आला हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. रोज पिणाऱ्या माणसाचा मेंदू दारूच्या गुंगीशी झुंजण्यासाठी स्वतःला सतत चेतवत राहतो. एके सकाळी दारू मिळाली नाही की गुंगी जाते, चेतवणी उरते, आणि हात कापू लागतात. कपबशी वाजते, काडी पेटत नाही, शर्टाचं बटण काजात जात नाही. दारू चोरून मिळवायची, कधी मिळायची, कधी नाही, अशा दिवसांत हे कापणारे हात किती घरांनी पाहिले असतील. त्यांना नाव हवं होतं. डॉक्टरांचं लॅटिन नाव होतंच, पण ते रुग्णालयाच्या कागदावरचं. जिटर्स हे नाव शेजाऱ्यांनी ठेवलेलं होतं. त्यात आजार आहे, पण झिडकारणं नाही.

खरं तर तो आपल्या सगळ्यांच्या अंगात राहतो. हात समोर ताठ धरून पसरलेल्या बोटांवर एक कागद ठेवून पाहावा. डॉक्टरही असंच पाहतात. कागदाची कड बारीक थरथरताना दिसते. निरोगी माणसाच्या हातालाही हा कंप असतोच, सेकंदाला साधारण आठ ते बारा वेळा. स्नायूंची आपली ठेवण, मज्जातंतूंकडून येणारे तुटक निरोप, यातून तो होतो. एरवी तो इतका बारीक असतो की आपल्याला पत्ता लागत नाही. भीती वाटली की ॲड्रेनलिन रक्तात उतरतं आणि तोच कंप मोठा होतो. पण आनंदानं अंग भरून आलं तरी ॲड्रेनलिनच उतरतं. मैफलीआधी व्हायोलिनवरचा गज थरथरू नये म्हणून पाश्चात्त्य वादकांतले कित्येक जण प्रोप्रानोलॉलची गोळी घेतात. ती स्नायूंपर्यंत जाणारा ॲड्रेनलिनचा हा निरोप अडवते. स्नायूला मात्र आपण भ्यालो की हरखलो हे माहीत नसतं.

भरतमुनींना हे दिसलं होतं. नाट्यशास्त्रातल्या आठ सात्त्विक भावांत एक आहे वेपथु, म्हणजे कंप. नटानं कंप कधी दाखवावा याची कारणं सांगताना थंडी, भय, हर्ष, राग, स्पर्श, म्हातारपण आणि रोग ही सगळी एकत्र येतात. हर्षाला भयाच्या शेजारी बसवताना भरतमुनी जराही अडखळत नाहीत. कीर्तनात अष्टसात्त्विक भाव दाटून आले असं म्हणतात, तेव्हा त्या आठांत हाही असतो. म्हणून जिटरच्या पुढच्या आयुष्यात जे घडलं, त्याचं आपल्या माणसाला नवल वाटू नये.

घडलं ते हार्लेममध्ये. न्यूयॉर्कच्या या कृष्णवर्णीय वस्तीत गाजलेल्या कॅब कॅलोवे या गायकानं १९३४ साली 'जिटर बग' नावाचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. बग म्हणजे किडा. रात्री पिऊन सकाळी थरथरणारा तो जिटरबग. गाणं दारुड्याचंच, पण चाल नाचायला लावणारी. कॅलोवेचे पाय तर मंचावर क्षणभर ठरत नसत. पांढऱ्या कोटाची लांब शेपटं उडत, केस कपाळावर येत. पुढच्याच वर्षी 'जिटरबग पार्टी' नावाचा त्याचा लघुपट आला. १९३८ मध्ये त्यानं हार्लेमच्या बोलीचा एक छोटा कोश काढला, त्यात जिटरबग म्हणजे स्विंग संगीताचा वेडा चाहता. चार वर्षांत आजारी माणूस नाचरा झाला.

या चाहत्यांचा नाच जिथे वाढला ती जागा कॅलोवेची नव्हती. कॅलोवे ज्या कॉटन क्लबमुळे प्रसिद्धीला आला, तिथे मंचावर काळे कलाकार आणि समोर फक्त गोरे श्रोते असा नेम होता. सेव्हॉय बॉलरूमचं तसं नव्हतं. १२ मार्च १९२६ ला उघडलेलं हे नृत्यगृह लेनॉक्स अव्हेन्यूवर १४० व्या आणि १४१ व्या रस्त्यांमधली सगळी जागा व्यापून होतं. आत शेजारी शेजारी दोन वादकमंच. एक वाद्यवृंद थांबला की दुसरा सुरू व्हायचा, त्यामुळे संगीत तुटतच नसे. आणि काळे-गोरे एकाच जमिनीवर नाचत. त्या काळच्या अमेरिकेत ही केवढी गोष्ट होती हे आज दोन वाक्यांत सांगता येत नाही. दारात विचारलं जायचं ते एवढंच, तुला नाचता येतं का?

सेव्हॉयच्या जमिनीचा एक कोपरा चांगल्या नाचणाऱ्यांसाठी राखल्यासारखा होता. त्याला 'कॅट्स कॉर्नर' म्हणत. तिथे फ्रँकी मॅनिंग नावाचा तरुण येई, १९१४ चा जन्म. त्यांच्या नाचाचं नाव लिंडी हॉप. जोडी हातात हात घेऊन फिरते, मग एकमेकांपासून फेकल्यासारखी दूर होते, फक्त बोटं धरलेली राहतात, आणि त्या मोकळ्या क्षणी ज्याला जे सुचेल ते त्यानं करायचं. मग ओढ, आणि पुन्हा जवळ. मिनिटाला दोनशेहून जास्त ठोके. मॅनिंगनं उभ्या ताठ अंगाचा नाच वाकवून जमिनीला जवळ आणला, धावणाऱ्याची ठेवण त्याला दिली. १९३५ मध्ये फ्रीडा वॉशिंग्टन या जोडीदारणीला पाठीवरून उलटी फिरवून त्यानं तालावर पायांवर उतरवलं. लिंडी हॉपमधली ही पहिली हवेतली उडी मानली जाते. त्या उडीसाठी दोघांनी आधी घरी गादीवर कसून सराव केला होता.

मला यातली तालावर उतरण्याची गोष्ट महत्त्वाची वाटते. देशभरात हा नाच पसरला तेव्हा लोकांनी त्याला जिटरबग म्हटलं. सेव्हॉयची माणसं आपल्या नाचाला लिंडी हॉपच म्हणत. लांबून पाहणाऱ्याला हलणारे खांदे, सुटलेले गुडघे, उडणारे पाय दिसले आणि त्यानं जिटरचं नाव दिलं. जवळून पाहिलं तर त्यातला प्रत्येक झटका मोजलेला होता. 'हेल्झापॉपिन' या १९४१ च्या चित्रपटात मॅनिंग आणि त्याचे साथीदार काही मिनिटं नाचतात. स्वयंपाकी, मेकॅनिक, नोकर अशा वेषांत, कारण हॉलिवूडनं त्यांना तेवढंच होऊ दिलं. ते दृश्य आजही पाहायला मिळतं आणि एकदा तरी पाहावं. इतक्या वेगात एकही पाय चुकत नाही. थरथरण्यावर इतका ताबा मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

सेव्हॉय १९५८ मध्ये बंद झालं, इमारत पाडली, तिथे घरं उभी राहिली. मॅनिंगनं टपाल खात्यात नोकरी धरली आणि तीस वर्षं केली. १९८० च्या दशकात स्वीडनहून, कॅलिफोर्नियाहून काही तरुण जुन्या चित्रफिती पाहून हा नाच शोधत आले आणि त्यांनी या टपालवाल्याला गाठलं. त्यानं पुन्हा शिकवायला घेतलं. 'ब्लॅक अँड ब्लू' या ब्रॉडवेवरच्या प्रयोगाच्या नृत्यरचनेसाठी १९८९ चा टोनी पुरस्कार त्याला तिघा सहकाऱ्यांबरोबर मिळाला. २००९ मध्ये पंच्याण्णव पूर्ण व्हायला महिनाभर उरला असताना तो गेला. तोवर स्वीडनमधल्या हेरेंग या लहान गावात दर उन्हाळ्यात जगभरची माणसं त्याच्याकडून लिंडी हॉप शिकायला जमत होती.

जिटरला मात्र सगळीकडे असा मान मिळाला नाही. १९३९ च्या 'द विझार्ड ऑफ ऑझ' या चित्रपटासाठी 'द जिटरबग' नावाचं गाणं रचलं, चित्रित केलं. जंगलातला हा किडा चावला की माणसाला नाचून नाचून दमायला होई. प्रदर्शनाआधी ते सगळं कापलं गेलं. चेटकीण आपल्या माकडांना सांगते की मी पुढे एक लहानसा किडा पाठवला आहे. तेवढा उल्लेख चित्रपटात राहून गेला, आणि किडा काही येत नाही.

त्याच वर्षाच्या सुरुवातीला ब्रिटनचे गृहमंत्री सर सॅम्युअल होअर यांनी युद्धाची भीती घालणाऱ्यांना जिटरबग म्हटलं. नाचाचं नाव त्यांनी पुन्हा भीतीकडे वळवलं. १५ मार्चला हिटलरचं सैन्य प्रागमध्ये शिरलं आणि ३ सप्टेंबरला ब्रिटन युद्धात उतरलं. ज्यांचे हात आधीच थरथरत होते, त्यांनी येणारं अधिक नीट पाहिलं होतं.

युद्धात जिटर आपल्या अगदी जवळ येऊन गेला. ब्रह्मदेशच्या आघाडीवर जपानी सैनिकांच्या लहान तुकड्या रात्री ठाण्यांभोवती फिरत. ओरडत, फटाके उडवत, मधूनच गोळी झाडत. समोरच्यानं घाबरून अंधारात गोळीबार सुरू केला की मशीनगन कुठे आहेत ते त्यांना कळे आणि दारूगोळाही संपे. या तुकड्यांना ब्रिटिश-भारतीय सैन्यात 'जिटर पार्टी' म्हणत. त्यावर उपाय एकच, शत्रू डोळ्यांना दिसेपर्यंत बोट घोड्यावर स्थिर ठेवायचं. हे लिहायला सोपं आहे. मणिपूरच्या डोंगरात सांगशाकला मार्च १९४४ मध्ये याच सैन्यातली पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन लढली. पाणी नव्हतं, काटेरी तार नव्हती, खडकाळ जमिनीत खंदक खोल जात नव्हते. कोल्हापूर-सातारा-रत्नागिरीकडून भरती होणारी ही मुलं. त्या काही दिवसांत जपानी फौज तिथे अडकून पडली आणि इंफाळ-कोहिमाच्या बचावाला तयारीसाठी वेळ मिळाला. अशा रात्री हात थरथरला नसेल असं मी म्हणणार नाही. थरथरत्या हाताचं बोट आवरून धरणं हेच तिथलं शौर्य.

मुंबईत मात्र जिटर वाजतगाजत आला. १९३५ मध्ये लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन वादक आपला वाद्यवृंद घेऊन ताज हॉटेलात आला. त्या ताज्या तालावर गोव्याच्या वादकांचे कान तयार झाले. आल्डोना गावचा आंतोनियो झेवियर वाझ ट्रम्पेट हातात घेऊन चिक चॉकलेट झाला. दिवसा तीच मंडळी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला बसत. तिथे पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांशी, म्हणजे सी. रामचंद्रांशी, त्यांची गाठ पडली. 'शहनाई', 'समाधी', 'अलबेला', 'आशा' या चित्रपटांतल्या गाण्यांत ब्रास उसळतं, ढोलावर ठोका मागून येऊन पुढे निघतो आणि बसल्या जागी गुडघा हलायला लागतो. जिटर हा शब्द त्या गाण्यांत कुठे नाही, पण जिटर आहे. भावगीताची शांत चाल तितक्याच प्रेमानं बांधणाऱ्या माणसानं त्याला आपल्या चालींत घेतलं, यात मला सी. रामचंद्रांचं मोठेपण दिसतं.

नाचघरं ओसरल्यावर जिटरनं प्रयोगशाळेत नोकरी धरली. आज अभियंत्यांना तो कवींपेक्षा जास्त परिचयाचा आहे. डिजिटल संदेशात प्रत्येक ठोका नेमल्या क्षणी यायला हवा. प्रत्यक्षात तो किंचित आधी येतो, किंचित नंतर येतो. या मागेपुढे होण्याला जिटर म्हणतात. दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय मानकांत त्याची हद्द आखून दिली आहे. सेकंदाला दहापेक्षा जास्त वेळा होणारी चलबिचल म्हणजे जिटर, त्याहून संथ असेल तर तिचं नाव वाँडर, म्हणजे भटकणं. आपल्या हाताचा कंप सेकंदाला आठ ते बारा वेळांचा, म्हणजे नेमका या दहाच्या आसपास पडतो. यामागे काही हेतू नाही, तरी वाचल्यापासून ते माझ्या मनातून जात नाही.

इंटरनेटवरून फोन करताना आपण त्याला रोज भेटतो. बोलणं सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढ्या तुकड्यांत कापून पाठवलं जातं. तुकडे निघतात सारख्या अंतरानं, पण वाटेत कुणी रखडतं, कुणी पुढे निघतं. जसे येतील तसे वाजवले तर आवाज फाटेल. म्हणून पलीकडच्या यंत्रात एक छोटा साठा ठेवतात, जिटर बफर. नळाला पाणी अवेळी, कमीजास्त दाबानं येतं म्हणून आपण गच्चीवर टाकी बसवतो आणि घरातला नळ सारखा वाहतो, तसंच हे. साठा लहान ठेवला तर उशिरा आलेले तुकडे टाकून द्यावे लागतात आणि मेलबर्नहून बोलणाऱ्या मुलीला आई म्हणते, "अगं, आवाज तुटतोय तुझा." साठा मोठा केला तर आवाज सलग येतो पण उशिरा, आणि दोघी एकाच वेळी बोलायला लागतात, मग दोघी एकदम थांबतात. एका बाजूनं दुसऱ्या बाजूला आवाज पोचायला सेकंदाच्या दीडशे हजारांशांहून जास्त वेळ लागू नये असं मानक सांगतं. एवढ्या अरुंद जागेत जिटरला शांत करायचं असतं, आणि ते यंत्र सबंध फोनभर आपला साठा लहानमोठा करत बसलेलं असतं.

आकडेशास्त्रात मात्र त्याला मुद्दाम बोलावतात, आणि त्याचं हे काम मला सगळ्यात आवडतं. समजा एका गावातल्या माणसांची वयं पूर्ण वर्षांत आणि शिक्षणाची वर्षंही पूर्ण आकड्यांत लिहून घेतली, आणि प्रत्येकासाठी आलेखावर एक ठिपका मांडला. चाळीस वर्षांची, सातवी झालेली साठ माणसं एकाच ठिपक्यावर एकमेकांच्या अंगावर बसतात. तिथे साठ आहेत की एक, बघणाऱ्याला कळत नाही. तेव्हा प्रत्येक ठिपक्याला थोडासा, अंदाधुंद दिशेनं धक्का देतात. आकडेशास्त्रज्ञ वापरतात त्या आर नावाच्या संगणकभाषेत या आज्ञेचं नावच जिटर आहे. धक्का फार लहान दिला तर ठिपके एकमेकांखाली दबलेलेच राहतात. फार मोठा दिला तर चाळीसचा माणूस एकेचाळीसच्या रांगेत जाऊन बसतो आणि आलेख खोटं बोलू लागतो. किती हलवायचं ते करणाऱ्यानं नजरेनं ठरवायचं, आकड्यांच्या मूळ यादीला हात लावायचा नाही, आणि ठिपके हलवले आहेत हे आलेखाखाली लिहायचं. मग एका ठिपक्याच्या जागी साठांचा पुंजका उघडतो आणि त्यातला प्रत्येक माणूस वेगळा मोजता येतो.